हातचं राखून

जानेवारीत शाळा सुरू होऊन आठवडा झाला, तरी इथला पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. या परदेशी शहराच्या हौगांग भागात एका मोठ्या नाल्याचं रुंदीकरण चाललं होतं आणि धम्मानंद तिथे साइट इंजिनियर होता. इंजिनियर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एसी आणि फिरती खुर्ची येते. धम्मानंदच्या वाट्याला डिसेंबरपासून गुडघाभर गढूळ पाणी आलं होतं. खणलेला खड्डा रात्रीतून भरायचा. सकाळी पंप लावायचा. पंपाच्या जाळीत पाला आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकायच्या, त्या हात घालून ओढून काढायच्या. पाणी ओसरून तळाचा चिखल दिसायला लागला की वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा व्हायचा, मग सगळ्यांनी कामं टाकून पत्र्याच्या कंटेनरमध्ये जाऊन बसायचं. पुन्हा बाहेर यावं तर खड्डा होता तसा भरलेला. बुटांत पाणी शिरून शिरून त्याच्या पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलवटली होती.

मंगळवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

"आत्ता?" प्रोजेक्ट मॅनेजर खड्ड्याकडे बघत म्हणाला.

"मुलीच्या शाळेत बोलावलंय. जायलाच पाहिजे."

"काही केलं का तिने?"

"नाही, नाही. गायडन्स आहे."

मॅनेजरने रजा दिली, पण देताना घड्याळाकडे बघितलं. असं कुणी घड्याळाकडे बघितलं की धम्मानंदला ते फार लागायचं.

एकता ही त्याची एकुलती एक मुलगी. प्राथमिकची शेवटची परीक्षा देऊन ती याच महिन्यात सेकंडरीत गेली होती. इथे सेकंडरीत प्रत्येक विषयाच्या तीन पातळ्या असतात. एकताचं इंग्रजी बेताचं, सायन्स त्याहून बेताचं आणि हिंदीचा तर आनंदच. मराठी घरातल्या मुलीने मातृभाषा म्हणून हिंदीचा पेपर द्यायचा आणि त्यात कमी पडली की तिची मातृभाषा कच्ची, अशी ही तऱ्हा. एकूणात ती मधल्या पातळीवर बसली. पण गणित तिला येत होतं, चांगलंच येत होतं. म्हणून शाळेने कळवलं, की गणितापुरती ती वरच्या वर्गात जाऊ शकते; आधी मुलीशी आणि आईवडिलांशी बोलू, आणि शुक्रवारपर्यंत नक्की करू. आज मधलं गणित घेतलं तर पुढे वर चढणं सोपं नाही, आणि आपण ज्या वाटेने इथवर आलो ती वाट तिच्यासाठी इथेच अरुंद होईल, हे धम्मानंद पक्कं ओळखून होता.

तिला गणित येतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. जेवताना तो तिला खड्ड्याची लांबी-रुंदी सांगायचा, पाणी किती चढलंय ते सांगायचा, आणि दोन पंप किती वेळात उपसतील असं विचारायचा. ती भाताचा घास तोंडात धरून छताकडे बघायची आणि उत्तर द्यायची. "पुन्हा बघ, चुकलं असेल," असं म्हणून तो मोबाइलवर हिशोब करायचा. उत्तर बरोबर असायचं. मग तो मोबाइल उपडा ठेवून वरण वाढून घ्यायचा.

डिसेंबरात त्याचे वडील गणपत बुलढाण्याकडच्या गावाहून राहायला आले होते. त्यांनी जन्मभर एका मालकाकडे सालदारकी केली होती. पासिर रिस भागातल्या या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांना करायला काम नव्हतं, म्हणून दिसेल तो लसूण ते सोलून ठेवत.

"पोरीले गणितात किती पडले?" त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं.

"तीन."

"शंभरातले?"

"बाबा, इथे आकडा जितका लहान तितकं चांगलं. एक म्हणजे सगळ्यात वर."

गणपतांनी बोटांवर मोजून बघितलं. "मंग इथं कमी करून सांगतलं तं वाढतेच," ते म्हणाले.

धम्मानंदची बायको सुलेखा किनाऱ्यावरच्या एका मत्स्यसंशोधन केंद्रात कामाला होती. तिथे जिताड्याची पिल्लं वाढवत. हा मासा लहानपणापासून खादाड, थोडी मोठी झालेली पिल्लं बारक्यांना गिळून टाकतात. म्हणून दर काही दिवसांनी टाकी उपसून पिल्लं फटींच्या पेटीतून गाळायची. बारकी फटीतून खाली पडतात, मोठी वर राहतात, मग दोघांना वेगळ्या टाक्यांत सोडायचं. दिवसभर खाऱ्या पाण्यात हात घालून सुलेखाच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. मंगळवारी ती कामावरूनच थेट शाळेत आली. येताना तिने लिंबू चोळून हात धुतले, तरी एकता तिच्याजवळ आल्यावर एक पाऊल मागे सरकली. सुलेखाने ते बघितलं आणि हात पर्सखाली घेतले.

शाळेतली ती खोली लहान होती. टेबलावर टिश्यूंचा डबा होता. इथे माणसं रडतात की काय, असं धम्मानंदला वाटलं. मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षिका मिस रोहाया तिशीच्या, डोक्याला फिक्या निळ्या रंगाचा रुमाल, बोलणं हळू. धम्मानंदच्या बुटांचे ओले ठसे दारापासून खुर्चीपर्यंत उमटले होते. त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"एकताला काय चांगलं जमतं, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय," मिस रोहाया इंग्रजीत म्हणाल्या. "तिला तुम्ही सगळ्यात जास्त ओळखता."

आता आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. आईवडिलांनी म्हणायचं, कसली हुशार, नुसती वेंधळी आहे. समोरच्याने म्हणायचं, छे हो, गुणी पोर आहे तुमची. मग आईवडिलांनी गप्प राहून मनातल्या मनात सुखावायचं. आपल्याच तोंडाने पोरांचं कौतुक करणारी माणसं आपल्याला कशीशीच वाटतात. धम्मानंदने आपल्या वाटचं काम चोख केलं.

"स्पेशल असं काही नाही, मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला. "वेंधळी आहे फार. गणितात मिळाले ते नशिबाने. पेपर सोपा होता."

"आळशी आहे," सुलेखा म्हणाली. "मागे लागल्याशिवाय पुस्तक उघडत नाही."

दोघं थांबले. समोरून यायचं ते वाक्य येईना. मिस रोहायांना बिचारीला आपलं वाक्य ठाऊकच नव्हतं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाल्या, "इतकं मोकळेपणी सांगितलंत, थँक्यू. पुष्कळ पालक सांगत नाहीत."

ते न आलेलं वाक्य भरून काढायला धम्मानंद आणखी बोलला. "वरच्या वर्गात सगळी हुशार मुलं. हिला झेपेल की नाही, काय सांगावं. तुम्ही म्हणाल तसं."

हे सगळं एकताने घरी मराठीत वर्षानुवर्षं ऐकलं होतं. पाहुणे आले की ते व्हायचंच, चहाबरोबर बिस्किटं यावीत तसं. इंग्रजीत ते ती पहिल्यांदा ऐकत होती. इंग्रजी ही तिची शाळेची भाषा. तिच्यात बोललेलं लोक खरं धरतात, त्याप्रमाणे वर्ग देतात, बाकावर बसवतात. बाप आपल्याला खरंच असं समजतो, हे तिला त्या खुर्चीत बसून कळलं.

"एकता, तुला काय वाटतं?"

"पप्पा इज राइट," ती टेबलाकडे बघत इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "मिडल ओके ला."

धम्मानंदने बायकोकडे बघितलं. पोरगी वळणाची निघाली, चारचौघांत नम्रपणे बोलली, याचं त्याला बरं वाटलं. त्याच्या मूर्खपणाची ही हद्द होती, पण त्या वेळी ते त्याला कळायचं नव्हतं.

बसस्टॉपवर पाऊस आडवा येत होता.

"बाई चांगली आहे," सुलेखा म्हणाली. "किती मन लावून ऐकत होती."

"हो. आता करेल बरोबर," धम्मानंद म्हणाला.

एकता स्टॉपच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिचा अर्धा खांदा भिजत होता. तिने छत्री उघडली नाही.

बुधवारी सकाळी मोठा पंप बंद पडला. धम्मानंद आणि दोन कामगार जाळी वर ओढत होते तेव्हा त्याचा फोन वाजला. हात चिखलाचे, म्हणून त्याने तो कोपराने स्पीकरवर टाकला.

"मिस्टर धम्मानंद, मी रोहाया. एकताने आज सकाळी मला पुन्हा सांगितलं, तिला मधल्याच पातळीचं गणित हवंय. काल तुम्हीही जे बोललात त्यावरून शाळेलाही ते ठीक वाटतंय. शुक्रवारी नक्की करते."

"नाही, मॅडम, थांबा. तिला गणित येतं."

"पण तुम्हीच म्हणालात की..."

"ते तसं नव्हतं. आमच्यात तसं म्हणतात."

"सॉरी? काय म्हणतात?"

जाळी धरून उभ्या असलेल्या दोघांनी मान वळवली. आपल्या मुलीला गणित येतं हे ओरडून सांगताना धम्मानंदला लाज वाटली. तेवढ्यात भोंगा झाला आणि सगळे कंटेनरकडे पळाले.

"मुलीच्या मनाविरुद्ध मी तिला तिथे बसवणार नाही," मिस रोहाया म्हणत होत्या. "स्वतःवर भरवसा नसलेलं मूल वरच्या वर्गात आणखी दबतं. तुम्ही घरी बोला. तिचं मत बदललं तर शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

कंटेनरच्या पत्र्यावर पाऊस इतका जोरात वाजत होता की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. धम्मानंद बूट काढून पाय चोळत बसला. आपण पोरीचं वाटोळं केलं, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं.

त्या रात्री जेवताना त्याने नेहमीसारखं खड्ड्याचं माप सांगितलं.

"आज एकच पंप चालू होता. किती वेळ लागला असेल?"

"आय डोन्ट नो," एकता म्हणाली.

"अगं, सोपं आहे."

"सोपं असेल तर तुम्हीच काढा."

सुलेखाने पोळी तव्यावरून उतरवली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली.

"एकता," धम्मानंद म्हणाला, "काल मिस रोहायांपुढे बोललो ना, ते आपलं असंच. आपल्यात म्हणायची पद्धत असते. मला तसं वाटत नाही."

"मग काय वाटतं?"

"ते तुला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार?" ती आता सरळ त्याच्याकडे बघत होती. "तिथे तुम्ही खोटं बोललात, की आत्ता खोटं बोलताय? विच वन?"

"बापाशी असं बोलतात का?" सुलेखा म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

एकता ताट उचलून गेली. नळाखाली तिने ते बराच वेळ धुतलं. गणपत कोपऱ्यात लसणाच्या पाकळ्या घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

गुरुवारी केंद्रात पिल्लांची गाळणी होती. सुलेखा पेटी पाण्यात हलवत होती, बारकी पिल्लं फटींतून चांदीच्या चुऱ्यासारखी खाली पडत होती. शेजारी काम करणारी बाई म्हणाली, "तुझ्या मुलीची नवी शाळा कशी चाललीय? हुशार आहे म्हणे."

"कसली हुशार," सुलेखाच्या तोंडून निघूनही गेलं.

तिने पेटी तशीच धरून ठेवली. परवापासून हेच चाललंय, आणि तरी जीभ आपल्या वाटेने जातेच. तिला स्वतःचा राग आला. "म्हणजे, आहे हुशार," ती म्हणाली, पण तोवर ती बाई दुसऱ्या टाकीकडे गेली होती.

संध्याकाळी एकता शाळेतून आली तेव्हा बाहेरच्या खोलीत गणपत एकटे होते. दप्तर टाकून ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि लसूण सोलायला लागली. त्यांचं वऱ्हाडी तिला निम्मं कळायचं, तिचं मोडकं मराठी त्यांना पुरतं कळायचं.

"बापावर रागावली?"

"पप्पा सगळ्यांना सांगतात मी ढ आहे."

"माह्यापासून शिकला थो," गणपत म्हणाले. "त्याची दहावी झाली तवाची गोष्ट. निकाल घेऊन घरी आला. म्या पयले दार लावलं. मंग इचारलं, किती पडले. म्हणे एकोणऐंशी टक्के. तवा लय होते एवढे. मालकाचं पोरगं त्याच्याच वर्गात, ते झालं नापास. मालकाच्या ओट्यावर गेलो तं मालक म्हणे, काय रे गणपत, तुह्या पोराचं काय झालं? म्या म्हटलं, झालं जी कसंबसं पास. पन्नास पडले."

"व्हाय? का?"

"काहून म्हणजे? आदल्या साली आमच्यातल्याच एका पोराचा पयला नंबर आला. बाप गावभर सांगत फिरला. दुसऱ्या दिसापासून त्याले कोणी कामाले बोलावलं नाई. पोराले शाळेच्या वाटेवर धरून मारलं. आमच्या पोरानं पुढं जाणं कोणाले पाहवत नव्हतं, बाई. मंग आम्ही सारेच कमी करून सांगत जाव. सवय पडली."

एकताच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "म्हणजे तुम्ही मायनस केले. एकोणतीस मार्क."

"हो."

"आणि पप्पांना काय म्हणालात? दार लावलं होतं ना. तेव्हा?"

गणपतांनी नखाने साल ओढलं. ते निघेना. "बरं, म्हटलं."

"फक्त बरं?"

"बरं म्हटलं अन् अंगणात जाऊन बसलो. दार लावलेलं होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी तोंडातून निघालं नाई. छाती भरून आली होती पण निघालं नाई."

"आजोबा, पण इथे कोण मारणार? मिस रोहाया?"

गणपतांनी पुढची पाकळी उचलली. आतल्या बाथरूमच्या दारात धम्मानंद उभा होता. तो केव्हाच घरी आला होता आणि पाय पुसून बोटांमध्ये पावडर घालत होता. पन्नास टक्क्यांची गोष्ट त्याला ठाऊक होती, साऱ्या गावाला ठाऊक होती. वडील अंगणात जाऊन बसले ते आपल्याला टक्के कमी पडले म्हणून, असं मात्र तो आजवर धरून चालला होता. छाती भरून आल्याचं तो आज प्रथमच ऐकत होता. पावडरचा डबा हातात धरून तो तिथेच उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

शुक्रवारी सकाळीच तो मॅनेजरपुढे उभा राहिला. "मला शाळेत जायचंय."

"परत? खड्डा बघ."

"खड्डा मी आल्यावरही इथेच असेल," धम्मानंद म्हणाला. मॅनेजरने घड्याळ बघितलं. आज धम्मानंदने त्याला ते बघू दिलं आणि निघाला.

शाळेच्या गेटवरच्या गार्डने त्याच्या चिखलाने माखलेल्या जॅकेटवर पाहुण्याचं स्टिकर लावलं, ते चिकटेना. शेवटी त्याने ते हातात धरलं. मिस रोहायांच्या खोलीबाहेर त्याने बूट काढले, आणि मोजे ओले म्हणून तेही काढले. एकताला वर्गातून बोलावून आणलं तेव्हा तिला आधी त्याचे पाय दिसले. पांढरे, सुरकुतलेले, बोटांमधून सोललेले. बाप घरात कायम चपला घालून असायचा, हे पाय तिने कधी नीट बघितले नव्हते.

"बसा ना," मिस रोहाया म्हणाल्या.

"नको, खुर्ची खराब होईल." तो उभाच राहिला. येताना बसमध्ये त्याने इंग्रजी वाक्यं मनाशी म्हणून बघितली होती. "मॅडम, मंगळवारी मी बोललो ते खरं नव्हतं. आमच्यात आपल्या मुलांबद्दल कमी करून बोलतात. समोरचा माणूस ते भरून काढतो. तुम्हाला ते माहीत असायचं कारण नाही. चूक माझी. एकताला गणित येतं. पेपर सोपा नव्हता. माझ्या साइटवर पाणी भरतं, ते उपसायला किती वेळ लागेल हे ती जेवता जेवता काढते. मी मोबाइलवर तपासतो. ती अजून एकदाही चुकलेली नाही. आणि मी तिला हे एकदाही सांगितलेलं नाही."

मिस रोहायांनी एकताकडे बघितलं. "एकता, हे तुझं ठरवणं आहे. वडिलांचं नाही, माझंही नाही."

एकता बापाच्या पायांकडे बघत होती. "संध्याकाळी सांगितलं तर चालेल?"

"चालेल. मेसेज कर. पण आजच."

धम्मानंदने बूट उचलले आणि अनवाणीच गेटपर्यंत गेला. पोरीने हो म्हटलं नव्हतं. आपण सगळं बोलून चुकलो आणि तरी ते पुरलं नाही, असं त्याला वाटत होतं. दिवसभर तो पंपापाशी उभा राहिला आणि दिवसभर खिशातला फोन चाचपत राहिला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिघंही बाहेरच्या खोलीत होते. पावसाची झड कॉरिडॉरमध्ये येत होती म्हणून दार लावून घेतलं होतं. एकताच्या हातात फोन होता.

"कळवलंस?" त्याने विचारलं.

"नाही." ती उठून उभी राहिली. "सकाळी तुम्ही मिस रोहायांना सांगितलं. इंग्लिशमध्ये. मला नाही सांगितलं."

"तू तिथेच होतीस."

"मला मराठीत सांगा. घरी जे बोलता ते मराठीतच बोलता ना?"

सुलेखाने स्वयंपाकघरातला नळ बंद केला. धम्मानंदने घसा साफ केला. साधं वाक्य होतं. साइटवर नवा पोरगा सळई नीट बांधायला लागला की तो त्याच्या पाठीवर थाप मारून हेच म्हणायचा. आता मात्र त्याने आडून सुरुवात केली.

"तू तशी..."

"तशी नको," एकता म्हणाली.

"बरं." तो थांबला. वडिलांकडे बघायचं त्याने टाळलं. "तू हुशार आहेस, एकता. गणितात माझ्यापेक्षा हुशार आहेस. मला तुझा अभिमान वाटतो." हे तो इतक्या हळू म्हणाला, की सुलेखाला स्वयंपाकघरातून पुढे यावं लागलं.

गणपत गुडघ्यावर हात टेकून उठले. सोललेल्या लसणाची सालं त्यांच्या धोतरावरून खाली पडली. ते दारापाशी गेले. धम्मानंदला वाटलं, सवयीने कडी नीट लागलीय का ते बघताहेत. गणपतांनी कडी काढली, दार पार भिंतीपर्यंत उघडलं आणि ते वाऱ्याने लागू नये म्हणून खाली आपली एक चप्पल अडकवली. पावसाचे तुषार आत आले.

"आता म्हण," ते मुलाला म्हणाले.

कॉरिडॉरमध्ये शेजारचे म्हातारे चिनी अंकल आपल्या कुंड्या पावसातून आत ओढत होते. त्यांनी मान वर करून बघितलं. धम्मानंद उघड्या दाराकडे बघत राहिला. मग त्याने ते सगळं पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून, मोठ्याने. शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज फाटला आणि त्याने तो फाटू दिला.

एकताने फोनवर दोन ओळी लिहिल्या, पाठवल्या आणि फोन बापापुढे धरला. मिस रोहाया, मी वरचं गणित घेते, एवढंच लिहिलेलं होतं. सुलेखाने तिचं डोकं आपल्याकडे ओढून घेतलं. हातांना वास होता. एकता मागे सरकली नाही.

गणपत अजून दारातच होते. त्यांनी शेजाऱ्यांना हाताने खूण केली आणि नातीकडे बोट दाखवत आपल्या वऱ्हाडीत सांगितलं, "माही नात हाय. गणितात पयली आली."

"आजोबा, पहिली नाही," एकता घाईने म्हणाली. "पहिली नाही आले मी."

"राहू दे वो बाई," गणपत म्हणाले. "एवढी वर्सं कमी करून सांगतलं. एक डाव जास्तीचं सांगू दे."

शेजाऱ्यांना त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. त्यांनी हातातली कुंडी खाली ठेवली, एकताकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "गुड गर्ल. व्हेरी गुड."

धम्मानंद मान खाली घालून ते ऐकत राहिला.